नलूची दह्यातली मेंदी

सानिका आणि अर्णव,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्याकडे नलूआजीच्या मेंदीची रेसिपी मागितलीत. सानिका म्हणाली, "एक्झॅक्ट मापं लिहून पाठव आजी, तिची आठवण म्हणून आम्ही इथे करू." मी हो म्हटलं. तुमचं बोलणं संपल्यावर लगेच लिहायला बसले, कारण कामं मागे टाकायची मला सवय नाही. पाला किती, चहाचं पाणी किती, आवळ्याची पूड किती, एवढं लिहून झालं. मग दही लिहायची वेळ आली आणि मला इतका राग आला की मी कागद बाजूला ठेवला.

नलूआजी ही माझी धाकटी जाऊ, तुमच्या बाबांची काकी. तिला जाऊन अजून महिना झालेला नाही. आपल्या घरच्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली जे जे लिहून आलं ते तुम्हीही वाचलं असेल. शांत होती, सोशिक होती, आयुष्यात कुणाला दुखवलं नाही. मुलांनो, ती शांत नव्हती. सोशिक तर अजिबातच नव्हती. आणि जाण्याआधी तिने मला असं दुखवलं की ते भरून यायला आता वाव नाही. इथे कुणाला हे सांगितलं तर माझी समजूत घालायला धावत येतात. तुम्ही लांब आहात, तुम्हाला ते जमणार नाही, म्हणून तुमच्यासमोर तिच्याशी बोलून घेते. तुम्ही फक्त ऐका.

नलू,

आधी दह्याचं बोलू. भांडण तिथूनच सुरू झालं होतं.

मी मुंबईत इंग्रजी शाळेत शिकले, रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि सरावलीला चिकूच्या वाडीत लग्न करून आले. तू चार-पाच वर्षांनी आलीस, संजाणकडची, अर्धं गुजराती बोलणारी. सगळ्या मोठ्या जावांना वहिनी म्हणायची पद्धत असताना तू मला पहिल्या दिवसापासून भाभी म्हणालीस आणि कुणी दुरुस्त केलं तरी बदललं नाहीस. वाडीच्या कुंपणाला मेंदी लावलेली होती, गुरं आत येऊ नयेत म्हणून. तिचा पाला काढून केसांना लावायची कल्पना तुझी. सावलीत वाळवायचा, कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, हे तू माहेराहून शिकून आली होतीस. मला ते पटलं. पुढचं पटलं नाही.

मी लोखंडी कढईत चहाचं गाळलेलं पाणी मोजून घालायची. त्यात आवळ्याची पूड, थोडं लिंबू, आणि रात्रभर झाकण. सकाळी उठून बघावं तर तू वाटीभर दही ओतून मोकळी झालेली असायचीस.

"नलू, दह्याने रंग धरत नाही. किती वेळा सांगू?"

"चालशे, भाभी."

"चालशे काय? मग रात्रभर भिजवली कशाला?"

"तुम्ही डोकं रंगवता. मी केसांना जेवायला घालते." वर हसायचीस. "आणि रंगाचं एवढं काय? जरा गाजर कमी दिसलं डोक्यावर तर कोण रडणार आहे?"

आपल्या दोघींच्या डोक्याला तू गाजर म्हणायचीस. पुढे केस पांढरे होत गेले तसं ते गाजर जास्तच खुललं. भाजी आणायला निघालो की म्हणायचीस, "चला भाभी, आपल्याला बघून भाजीवाली भाव पाडेल, तिला वाटेल परत आलं आपलंच गाजर."

मी कितीदा म्हटलं की एकदा तुझ्या पद्धतीने अर्धी, माझ्या पद्धतीने अर्धी भिजवू, डोक्याच्या दोन बाजूंना लावू आणि बघू. तू म्हणालीस, "आणि जत्रेत देवीसमोर दोन रंगांची उभी राहू? देवी विचारेल, ही बाई एक की दोन?" तो प्रयोग झालाच नाही. म्हणजे आजही मी सिद्ध करू शकत नाही की माझं बरोबर होतं. तुझ्या सगळ्या वादांचा शेवट असाच असायचा. तू हसवायचीस, आणि मुद्दा तिथेच राहायचा.

आपली बसायची जागाही मला लिहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मागच्या ओट्यावर एकीने खुर्चीत बसायचं आणि दुसरीने तिच्या पायांशी पाटावर, पाठ करून. आधी तुझं डोकं, मग माझं. भांग पाडायचा, बट उचलायची, मुळाशी थापायची, गुंडाळायची, पुढची बट घ्यायची. सकाळ अशीच जायची. पाटावरचीचा चेहरा खुर्चीतलीला दिसत नाही. समोर फक्त चिकूची झाडं. त्यामुळे जे एरवी तोंडातून निघालं नसतं ते तिथे निघायचं. तुझ्या पहिल्या पोराचं पोटातच काय झालं ते तू मला तिथे सांगितलंस. माझं आणि ह्यांचं, म्हणजे भाऊंचं, वर्षभर धड बोलणं नव्हतं ते मी तुला तिथे सांगितलं. तू मागे न वळता म्हणाली होतीस, "मान सरळ ठेवू की रडण्यासाठी खाली घालू? मेंदी गळेल, आधीच सांगा." मी रडत होते आणि हसत होते आणि तुझ्या कानावर मेंदीचा ओघळ आला होता.

म्हणून मला वाटायचं, जगात कुणाला काही लपवायचं असेल तर लपवू दे, तुझं डोकं माझ्या हातात आहे.

आता त्या दिवसाकडे येते. ते टाळून चालणार नाही.

दिलीपभावजी गेले तेव्हा तू चाळिशीच्या आसपास होतीस. त्यानंतरच्या चैत्रात महालक्ष्मीची जत्रा आली. दर वर्षी जत्रेआधी आपण दोघी मेंदी लावायचो. तुझे केस त्या काही महिन्यांत एकदम पांढरे झाले होते, मुळापासून बोटभर. घरात आत्याबाई आल्या होत्या, सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. मी संध्याकाळी पाला चाळत होते ते बघून त्या मला म्हणाल्या, "एकटीपुरतीच भिजव हो. तिला आता कुणाला दाखवायचेत केस?" तू स्वयंपाकघरात होतीस. तुला ऐकू गेलं असणारच.

मी दुपटीने पाला घेतला. सकाळी खुर्ची ओट्यावर मांडली, पाट मांडला, आणि तुला हाक मारली. तू दाराशी आलीस. मी म्हटलं, "बस."

तू बसलीस.

आत्याबाई मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, बघत राहिल्या, निघून गेल्या. तुझे खांदे हलत होते. मी थांबले नाही. मला वाटलं, मेंदीचा उग्र वास आहे, आठवणी आहेत, रडू दे. भांग पाडत गेले, थापत गेले. त्या दिवशी तू दही घातलं नव्हतंस. त्याकडे माझं लक्ष आत्ता, हे लिहिताना गेलं.

पुढे ही गोष्ट घरात गाजली. वर्षानुवर्षं सांगितली गेली, मोठ्या वहिनींनी कसं आत्याबाईंच्या नाकावर टिच्चून धाकट्या जावेला मेंदी लावली. मीही सांगितली आहे. तू असताना, तुझ्यासमोर. तू कधी खोडली नाहीस. उलट तुझीच भर असायची, कारण आत्याबाईंना खरा टोला तू दिला होतास. पुढच्या खेपेस मेंदी तू कालवलीस, उघड्या हातांनी, आणि तळवे लालभडक घेऊन त्यांना चहा द्यायला गेलीस.

"हात गं कसले लाल तुझे?"

"आत्या, मेंदी केसांची आहे. हातांनी नुसती हमाली केली."

मी तुला रबरी हातमोजे आणून दिले होते. डहाणू रोडच्या औषधाच्या दुकानातून, दर थोड्या दिवसांनी नवे. तू ते एकदाही घातले नाहीस. कुठे टाकायचीस देव जाणे. मला वाटायचं, तुझा गबाळेपणा.

मग तुझ्या परागने तलासरीला हायवेलगत हार्डवेअरचं दुकान टाकलं, वर घर बांधलं, आणि तू त्याच्याकडे राहायला गेलीस. तरी महिन्याकाठी बस पकडून यायचीस. पिशवीत दह्याचा डबा. मी म्हणायची, आमच्याकडे दही मिळतं. तू म्हणायचीस, "तुमच्याकडच्या दह्याला तुमचा धाक आहे, ते आंबतच नाही." गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आलीस ती शेवटची. नेहमीपेक्षा हळू चालत होतीस. मी म्हटलं, वजन कमी झालंय तुझं. तू म्हणालीस, "हेतलच्या हातचं जेवण. सुनेचं नाव खराब करू नका आता." मी तुझ्या डोक्याला मेंदी लावली, तू माझ्या लावलीस. चेहरा दिसत नव्हता. तू काही सांगितलं नाहीस.

गणपती झाले आणि तुझा फोन आला.

"भाभी, मी नाही येत आता मेंदीला."

"का? बसचा त्रास होत असेल तर पराग सोडेल गाडीने."

"मेंदीचाच त्रास होतो. सर्दी होते."

"भाद्रपदातल्या उकाड्यात? लवंग घालू मग. कोमट पाण्यात भिजवू."

"सगळ्याला उपाय आहे तुमच्याकडे," तू म्हणालीस, आणि तुझा आवाज असा कधी मी ऐकला नव्हता. "मला नकोच आहे म्हटलं ना. मी इथे पार्लरमध्ये काळे करून घेते. लाल डोकं घेऊन फिरायची लाज वाटते."

"काळं तुला सोसत नाही नलू. मागे कपाळ सुजलं होतं."

"माझं कपाळ आहे."

तेवढ्यावर थांबली असतीस तर मी दोन दिवस धुसफुसले असते आणि तिसऱ्या दिवशी फोन केला असता. तू थांबली नाहीस.

"इतकी वर्षं मी बोलले नाही. हे गेले तेव्हासुद्धा तुम्ही मला विचारलं नव्हतं. बस म्हणालात. मी बसले."

आणि फोन ठेवलास.

यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी काही दिवस वाट पाहिली की तू हसत फोन करशील. मग मी फोन केला. हेतल म्हणाली, मम्मी झोपल्यात. पुन्हा केला. मम्मी बाहेर गेल्यात. तुझ्या वाढदिवसाला मी संदेश पाठवला, तू हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. नुसतं चित्र. दिवाळीला पराग एकटाच फराळ घेऊन आला आणि उभ्याउभ्याच गेला. माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, तू त्याला माझ्याविरुद्ध भरवलं आहेस. चैत्रात जत्रा आली, तेव्हा मी देवीला गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा गेले नाही. बरोबर कोण होतं?

आणि मग एका दुपारी परागचा फोन आला. "मोठी आई, मम्मी गेली."

शेजारच्यांच्या गाडीतून चारोटीवरून हायवेने तलासरीला आले. वाटेत विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ गेलं, गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले. माझे हात मांडीवरच राहिले. मी मनात तुझ्याशी भांडत होते. म्हणत होते, कर, अशीच अर्धवट भांडण सोडून जा. हार्टचं काहीतरी झालं, एवढंच परागने सांगितलं होतं. मला खरं वाटलं होतं.

तुला आंघोळ घालायची होती. बायका जमल्या होत्या. तुझ्या डोक्यावरून ओढणी घट्ट बांधलेली होती. मी हेतलला म्हटलं, "फणी आण. केस मी विंचरते." ती जागची हलली नाही. मी पुन्हा म्हटलं. ती रडायला लागली. मग मीच ओढणी सोडली.

विंचरायला केस नव्हतेच. बोटभर, लहान मुलाच्या जावळासारखे, मऊ, सगळीकडून सारखे. आणि लाल. कानांच्या मागेसुद्धा नीट लावलेली मेंदी, कुठे पांढरं सुटलेलं नाही.

नलू, तिथे त्या बायकांच्या घोळक्यात मला सगळं एका क्षणात कळलं. सर्दी कसली ते कळलं. झोपलेली मम्मी कसली ते कळलं. तू माझ्याशी भांडलीस ते अशासाठी की माझे हात तुझ्या डोक्याला लागू नयेत. पहिल्या बटेलाच केस माझ्या हातात आले असते. तुला ते मला दिसू द्यायचं नव्हतं.

मी ओढणी परत बांधली. तुला आंघोळ घातली. ते माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही.

नंतर स्वयंपाकघरात हेतलने सांगितलं. पोटात गाठ. वापीला दवाखाना. केमो. "मम्मीने सौगंद घातलेली, काकी. पराग दिवाळीला तुमच्याकडे आला ना, परत येऊन गाडीत बसून रडला. मग ते बंद केलं, काही फायदा नाही बोलले डॉक्टर. मग केस आले परत. मम्मी एवढी खूश! रोज हात फिरवायची. बोलली, हेतल, मेंदी लाव. मी बोलली, काकीला बोलावू? तर बोलली, ना, ना. त्या आल्या की आधी डोकं बघतील, मग मला ओरडतील, मग रडतील. मला कोणाचं रडणं नाही सांभाळायचं आता."

मी विचारलं, "दही घातलं होतं का?"

हेतल बघतच राहिली. "हो," म्हणाली. "वाटीभर. मम्मीनेच ओतलं. हाताने कालवली पण तिनेच, मी मोजे देत होते तरी."

रंग चांगला आला होता, हे मला मान्य करावं लागेल. बारीक केसांवर दही घालूनही इतका कसा धरला ते मला समजलेलं नाही.

बाराव्या-तेराव्याला सगळे एकच म्हणत होते. तुमच्यावर जीव होता म्हणून लपवलं. तुम्हाला त्रास नको म्हणून भांडली. केवढं मन! मी मान हलवत राहिले. आता तुला विचारते, हा जीव असतो का? मला वर्षभर तुझ्यावर रागावू दिलंस. मी इथे ओट्यावर बसून तुला बोल लावत होते, तुझ्या त्या पार्लरच्या काळ्या केसांना नावं ठेवत होते, आणि तिकडे तुझे केस उशीवर पडत होते. मला तुझ्याजवळ बसायचा हक्क होता. डोकं चेपून द्यायचा हक्क होता. तो तू सुनेला दिलास. हेतल चांगली आहे, तिने मनापासून केलं, माझं तिच्याशी काही नाही. पण तुझ्या डोक्यामागचा खळगा, ती डाव्या कानामागची जुनी खूण, हे तिला काय माहीत?

माझं रडणं तुला सांभाळायला लागलं असतं, हे खरं आहे. मी रडले असते. आधी ओरडलेही असते. मग? तू कधीपासून माझ्या ओरडण्याला घाबरायला लागलीस?

आणि तरीही माझं खरं दुखणं हे नाही. मला रात्रंदिवस टोचतंय ते एकच वाक्य आहे. लोक म्हणतात, ते भांडण खोटं होतं, मनावर घेऊ नका. सर्दी खोटी, पार्लर खोटं, लाल डोक्याची लाज खोटी. मग 'तुम्ही मला विचारलं नव्हतं' हे खोटं की खरं? तुला मला तोडायचंच होतं, तर हाताला येईल ते तू फेकलंस, की इतकी वर्षं जपून ठेवलेलं काढलंस?

मी शिस्तीने विचार करून पाहिला. तुला नको असती मेंदी, तर तू पुढच्या खेपेला ती स्वतः कालवली नसतीस. हातमोजे फेकले नसतेस. तळवे रंगवून आत्याबाईंसमोर मिरवली नसतीस. हातावर मेंदी काढायची सोय तुला राहिली नव्हती, म्हणून तू केसांच्या मेंदीतून ती काढून घेतलीस, महिन्याच्या महिन्याला. हे मला तेव्हा समजायला हवं होतं, पण हे सगळं माझ्याच बाजूचं आहे. इतकं माझ्या बाजूने असताना मी गप्प का बसू शकत नाही?

कारण मला दुसरं एक आठवलं. भाऊ गेले तेव्हाचं. तू तलासरीहून आलीस, पिशवीत वाळवलेला पाला आणि दह्याचा डबा. मी आतल्या खोलीत होते. तू उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिलीस. पिशवी खाली ठेवली नाहीस. म्हणालीस, "भाभी, लावायची का? की नको?"

मी चिडले होते. म्हटलं होतं, "विचारतेस काय? भिजव."

तरी तू पुन्हा विचारलंस. "नक्की? नको असेल तर मी नुसती बसते."

मला तेव्हा वाटलं होतं, ही एवढी धीट बाई, आज अशी का घुटमळते आहे.

तर नलू, आता मला वाटतं ते वाक्य खरं होतं. त्या दिवशी ओट्यावर तुझे खांदे मेंदीच्या वासाने हलत नव्हते. तुला लावून घ्यायची नव्हती, किंवा तेव्हा नव्हती, किंवा माझ्याकडून 'बस' ऐकायचं नव्हतं. एक बाई दारात उभी राहून नको म्हणत होती आणि दुसरी खुर्चीत बसून हो म्हणत होती, आणि तुला कुणीच विचारत नव्हतं. एवढं मला दिसतं. पण ते मला तूच सांगायला हवं होतंस. इतक्या सकाळी तुझं डोकं माझ्या हातात होतं. तू पोटातल्या पोराचं सांगितलंस आणि हे सांगितलं नाहीस. माझी ती गोष्ट मी चारचौघांत सांगत असताना तू समोर बसून हसलीस. हसायच्या ऐवजी एकदा म्हणायचं होतंस, भाभी, ते तसं नव्हतं. मी भांडले असते. मग ऐकलं असतं. तू ते शेवटी फोनवर, मला लांब ढकलायला वापरलंस, आणि उत्तर द्यायला मला जागा ठेवली नाहीस. यासाठी मी तुला माफ केलेलं नाही. प्रयत्नही करत नाही.

तुझे उपकार आहेत माझ्यावर, तेही लिहिते, नाहीतर हिशेब लबाडीचा होईल. मुंबईहून आलेल्या, सगळं मोजून करणाऱ्या बाईला या वाडीत दुसरं कुणी हसलं नसतं, सगळे नुसते घाबरले असते. तू हसलीस म्हणून मी इथे राहू शकले. भाऊंच्या नंतर तू जी सकाळभर माझ्यामागे बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस, तशी सकाळ मला परत कुणी दिली नाही.

काल हेतलचा फोन आला होता. "काकी, मी येऊ का मेंदी लावायला? तुम्हाला चालेल तर." मी म्हटलं, बघू. तिने विचारलं, हे मला बरं वाटलं. पण अजून नको आहे.

तुझ्यानंतर मी कुणाकडून लावून घेतली नाही, आणि मागचं डोकं स्वतःच्या हाताला पोचत नाही. वरून कानापर्यंत केस पांढरे आले आहेत. खाली वेणीत तू लावलेला रंग अजून आहे.